मांजराची जट

लांब केसांचं मांजर पाळायची ज्याला हौस आहे त्यानं आधी माझ्याकडं येऊन जावं. सल्ला फुकट देईन, वर चहा पाजीन. पण कुणी येत नाही. लोक मोबाइलवर फोटो बघतात, कापसाचा बोळा दिसतो आणि भुलतात. आमच्या लेकीचं तेच झालं. पुण्यात नोकरी लागल्यावर मैत्रिणीच्या नादानं तिनं एक पांढरं पर्शियन मांजर घेतलं. पुढं घर बदलायची वेळ आली तेव्हा नवा घरमालक म्हणाला, मांजर चालणार नाही. मग काय, लोहाऱ्याला आईबाप आहेतच. टोपलीत घालून, एसटीनं, रडत रडत घेऊन आली.

"आई, फक्त रोज विंचरायचं. बाकी काही नाही तिचं."

बाकी काही नाही म्हणे. हत्ती पोसणं परवडलं असतं, निदान त्याला केस तरी नसतात.

घरात आम्ही तिघं. मी घरीच ब्लाउज शिवते. माझे मालक उमरग्याच्या रस्त्यावर वडापची, सीट भरून माणसं नेणारी, जीप चालवतात. आणि मालकांची थोरली बहीण, तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या, त्या इथंच राहिल्या. लेकरूबाळ काही नाही. माझ्या लेकीला वाढवली ती निम्मी त्यांनीच.

मांजर आलं आणि घरात केसांचं राज्य सुरू झालं. भाकरीच्या पिठात केस, दह्याच्या विरजणात केस, मशीनच्या बॉबिनमध्ये केस. धागा तुटला की मी आधी मांजराला शिव्या घालायची आणि मग सुई बघायची. एका बाईनं काळा मखमली ब्लाउज परत आणून माझ्या पुढ्यात टाकला आणि विचारलं, "काय गं, अस्तर ह्याला आतून लावलंय का बाहेरून?" गुपचूप चिकटपट्टी घेऊन बसले एकेक केस उचलत.

त्यात आमचा उन्हाळा. आमच्याकडं चैत्र-वैशाखात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, आणि हिनं तर जन्माचं घोंगडं पांघरलेलं. दिवसभर मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टाकून पडायची आणि उठली की ते ओलं अंग घेऊन माझ्या कापडाच्या ढिगावर. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि महाराणीच्या अंघोळीला अख्खी बादली. मागच्या बाजूच्या केसांना घाण चिकटायची ती वेगळीच, ती पण आम्हीच धुवायची. डोळे कायम गळके, ते पुसायचे. आणि विंचरायला बसावं तर हातावर ओरखडे. आमचे मालक म्हणायचे, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझे बूट कधी पुसले न्हाईस, आन् मांजराचं सगळं पुसतीस."

सगळ्यात वाईट होती ती तिची उलटी. अंग चाटून चाटून पोटात केस जायचे आणि त्याचा गोळा व्हायचा. तो बाहेर काढताना ती जमिनीला चिकटून मान लांब करायची आणि घशातून असा आवाज काढायची की आत कुणाचा तरी जीव चाललाय. पहिल्यांदा आम्ही तिघंही उठून धावलो होतो. नंतर सवय झाली, तरी त्या आवाजानं घर कसं उदास व्हायचं.

आक्का सुरुवातीला तिच्यावर करवादायच्या. "उंदीर दिसला तर हीच पळंल," म्हणायच्या. पण महिन्याभरात मांजर आक्कांचं झालं. आक्का पाटावर बसायच्या, ती मांडीवर. आक्कांनी आपली लाकडी फणी तिला दिली. स्वतःच्या केसांना मात्र आक्का कधी कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. डोक्यावरचा पदर घरातसुद्धा ढळायचा नाही. मी सून होऊन आल्यावर एकदा म्हणाले होते, आक्का, तेल लावून देऊ का? तर असं बघितलं माझ्याकडं की पुन्हा विचारलं नाही.

पावसाळा लागला आणि मागच्या मोकळ्या प्लॉटात कमरेइतकं गवत वाढलं. मांजराला तिकडची चटक लागली. परत यायची ती अंगभर कुसळं, गोखरू आणि आघाड्याचं बी घेऊन. श्रावणातले सणवार, माझ्याकडं ब्लाउजांचा ढीग, त्यामुळं विंचरायचं काम सगळं आक्कांकडं गेलं. आक्कांनी आपल्या समजुतीनं तिला खोबरेल तेल लावायला सुरुवात केली. केस म्हटले की तेल, दुसरं काय माहीत आपल्याला. तेलावर धूळ बसली, धुळीत बी अडकलं, आणि गळ्याखाली आत कुठंतरी एक गाठ धरली. वरून सगळं पांढरं शुभ्र, फुगलेलं. आत काय शिजतंय ते लांब केसांत कळतच नाही.

एका सकाळी आक्कांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. मी गेले तर त्यांचा हात मांजराच्या गळ्यापाशी थांबलेला.

"हात लावू नको," आक्का म्हणाल्या. "नुसतं बघ."

मी वाकून बघितलं. केसांची एक जाड, चपटी, दोरीसारखी पिळलेली गाठ हनुवटीखालून छातीपर्यंत उतरली होती.

"गुंता झालाय. तेलानं झालाय," मी म्हणाले. "थांबा, कात्री आणते."

"गुंता न्हाय. जट हाय."

मला हसू आलं. मग आक्कांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

आमच्याकडं बाईच्या केसात असा गुंता झाला आणि तो सुटेना झाला की त्याला जट म्हणतात. देवीनं तिला मागितलं, ही तिची खूण. मग ती विंचरायची नाही, कापायची नाही, हळदकुंकू लावायचं आणि वाढू द्यायची. आता लोक सुधारलेत, बऱ्याच जणी कापून घेतात आणि त्यांचं काही वाईट होत नाही. पण आक्कांचं झालं होतं. निदान गल्लीत सगळे तसंच म्हणत.

आक्कांना लहानपणी जट आली होती. माझ्या सासऱ्यांची, आबांची, तेव्हा मेंढरं होती. पोर देवीला सोडावी लागंल, असं लोक बोलायला लागले तेव्हा सासऱ्यांनी एक दिवस पोरीला खळ्यावर नेली आणि लोकर कातरायच्या कातरीनं ती जट कापून टाकली. त्या माणसाचं काळीज मोठं होतं, एवढं मी म्हणेन. पुढं आक्कांचं लग्न झालं, आणि लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोवर त्यांचा नवरा विहिरीवर मोटार चालू करायला गेला तो शॉक लागून तिथंच गेला. सासरच्यांनी दारातच सुनावलं, जट कापलेली बाई नको आम्हाला. हे मला मालकांनी सांगितलं होतं. आक्कांच्या तोंडून मी एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं.

"आक्का, मांजर आहे ते," मी म्हणाले. "देवीला काय मांजर मागायचंय?"

"देवीला काय मागायचंय ते तू सांगणार? ज्याच्या घरात जट कापली त्या घरातला कर्ता माणूस जातो. मला शिकवू नको. कात्री आणशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आता मी पडले तापट. दुसरं कुणी असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण ज्या बाईचा नवरा तसा गेला, तिला काय सांगायचं? त्या दिवसापासून आमच्या घरात एक भीती राहायला आली.

आक्कांनी मांजराच्या गळ्याला हळदकुंकू लावलं. एका बाईनं बघितलं, दुसरीला सांगितलं, आणि मंगळवारी-शुक्रवारी बायका यायला लागल्या. ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त करायच्या आणि मांजरापुढं हात जोडून जायच्या. मांजर बिचारं हळद चाटायचं आणि ओकायचं. पांढरं अंग पुढून सगळं पिवळं-तांबडं झालं होतं, बघवत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "नवरात्रात तुळजापूरला घेऊन जा हिला, आईच्या पायावर घाल, ती सोडवंल." आक्कांनी ते मनावर घेतलं. नवरात्र होईपर्यंत जटेला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे आक्कांनी ठरवलं.

मी लेकीला फोन केला. ती घाबरली. "आई, त्याच्याखाली कातडी ओढली जाते. हवा लागत नाही. आजच कापून टाक." मी आक्कांना गोड बोलून, नुसतं दाखवून येऊ म्हणून, जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, म्हणाले, "हे आत्ताच काढू. खाली ओल धरलीय, जखम चिघळली तर मांजर हाताला लागणार नाही." आणि कात्रीकडं हात नेला. आक्कांनी मांजर पदराखाली घेतलं आणि सरळ बाहेर. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक मात्र हसत होते. त्यांना असल्या गोष्टी पटत नाहीत. एका सकाळी भाकरी खाता खाता म्हणाले, "आज संध्याकाळी मीच कापतो. बघू दे देवी काय करती माझं." आक्का चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली परात खाली पडली.

त्या दिवशी दुपारी पाऊस झाला, आणि उमरग्याच्या अलीकडच्या वळणावर मालकांची जीप घसरून रस्त्याकडेच्या चारीत गेली. देवाची कृपा, माणसं सगळी धड उतरली. मालकांचं कपाळ फुटलं, टाके पडले. डोक्याला पट्टी बांधून घरी आले आणि कात्रीचं नाव नाही. मी म्हणाले, "अहो, कावळा बसायला आन् फांदी मोडायला गाठ पडली. रस्ता निसरडा होता."

"व्हय," ते म्हणाले. "पण फांदी माझ्याच डोक्यावर मोडली न्हवं? राहू दे. नवरात्र होऊ दे."

झालं. घरात एक माणूस शहाणं होतं, तेही गेलं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ही गोष्ट आपण पोरांना हसत सांगतो. आमच्या घरात मांजराच्या गळ्यातली गाठ कोणी कापायची, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि खरं सांगते, माझीसुद्धा नव्हती. दिवसातून कितीदा तरी माझ्या हातात कात्री असते, तोच माझा धंदा. कापड कापता कापता मांजर समोरून गेलं की हात आपोआप थांबायचा. डोळ्यापुढं मालकांचं कपाळ यायचं. मला माझाच राग यायचा. बारावी शिकलेली बाई मी, आणि केसाच्या गाठीला भ्यायले.

भाद्रपद उतरायला लागला तसं मांजर बदललं. आक्कांच्या मांडीवर जायचं सोडलं. कुणी जवळ गेलं की फिस्कारायचं. दुधाला तोंड लावून तसंच मागं सरायचं. मान एका बाजूला वाकडी धरून माझ्या मशीनखाली बसून राहायचं, पायडलच्या मागं, अंधारात. मी शिवत असले की पायाशी तिचा श्वास ऐकू यायचा. आणि वास. आधी वाटलं उंदीर मेलाय कुठं. मग कळलं. बायका यायच्या त्या नाकाला पदर लावायच्या आणि तरी हात जोडायच्या. आक्का सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायला लागल्या. उदाच्या धुराखाली तो गोडसर, कुजका वास तसाच राहायचा. माशा हाकलल्या तरी फिरून तिथंच.

आक्का पण खंगत चालल्या होत्या. जेवण निम्म्यावर आलं. मालकांना घरी यायला जरा उशीर झाला की दारात उभ्या. मालक आले की आत येऊन भिंतीला टेकून बसायच्या. मांजराकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या. मला कळत होतं की ह्यांना ते दिसतंय. मेंढरांत वाढलेली बाई. केसांच्या आत जखम काय करते हे त्यांना नाही तर कुणाला कळणार? पण भावाचा जीव एका पारड्यात आणि मांजराचा दुसऱ्या. पारडं कुठं झुकणार, हे उघड होतं. मी त्यांना दोष देत नाही. माझं पारडं पण तिकडंच झुकत होतं.

घट बसायच्या आधी घर धुवायचं असतं. आदल्या दोन दिवसांत आम्ही गोधड्या, चादरी सगळं काढलं. दुपारी मालक फेरीवर गेले होते. मी मशीन सरकवलं आणि मांजर उठलं नाही. एरवी पळालं असतं. मी खाली बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. जिथं ती बसली होती तिथं माझ्या अस्तराच्या पांढऱ्या कापडावर दोन-तीन किडे वळवळत होते.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की सांगता सोय नाही. देवीचा नाही. माझा, मालकांचा, हात जोडणाऱ्या बायकांचा. पुढचं दार लावून घेतलं. मोठी कात्री उचलली. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं आणि मनात म्हणाले, काय व्हायचं ते होऊ दे. कात्रीचं टोक त्या गाठीपाशी नेलं आणि तिथंच थांबले. मालक त्या वेळी रस्त्यावर होते. ह्याच वेळी. त्याच वळणावर असतील.

"आन हिकडं."

आक्का मागच्या दारानं कधी आल्या मला कळलं नाही. त्यांच्या हातात धुण्याचा पिळा होता, तो त्यांनी तसाच खाली टाकला.

"आक्का, आता अडवू नका. मरंल ती."

"अडवीत न्हाय. कात्री आन." त्या माझ्यासमोर बसल्या. "तुझा मालक हाय. लेक हाय. म्या कापली तर पाप माझ्या माथी. देवी माझं काय नेणार? माझ्यापाशी नेण्यासारखं हाय काय?"

मी कात्री दिली.

आक्कांनी डोळे मिटले, पुटपुटल्या काहीतरी. मग डोळे उघडले आणि कातडीला बोट लावून, बोटाच्या वरून, हळूहळू, लोकर कातरावी तशी ती गाठ कापत गेल्या. त्यांचा हात जराही हलला नाही. मेंढरू असतं तर म्या पहिल्याच दिवशी कातरलं असतं, असं एकदा स्वतःशीच म्हणाल्या. गाठ सुटून खाली पडली, ओली आणि जड. खाली तळहाताएवढी जागा लाल, सोललेली, आणि तिच्यात किडे. मला उलटी आली. आक्का तशाच बसून मिठाच्या कोमट पाण्यानं धूत राहिल्या. मांजरानं एकदाही पंजा मारला नाही.

मग दवाखाना. डॉक्टर काही बोलले नाहीत, चांगला माणूस. उरलेले किडे काढले, आजूबाजूचे केस मशीननं उतरवले, इंजेक्शन दिलं, औषध दिलं. वाचेल म्हणाले. आक्कांनी दोनदा विचारून घेतलं, वाचंल न्हवं? डॉक्टर म्हणाले, वाचेल आजी, मोकळी झाली ती आता.

घरी आलो. मालक अजून आले नव्हते. पंख्याखाली पोतं टाकून मांजराला ठेवलं. अर्धं अंग तुळतुळीत, गळ्याला मलम, काय ते ध्यान. थोड्या वेळानं उठली, वाटीभर दूध प्यायली, आणि अंग सैल सोडून झोपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान सरळ केलेली बघितली मी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आक्कांना म्हणाले, "बघा कशी झोपलीय."

आक्का तिच्याकडंच बघत होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"माझी जट पण जड होती," त्या म्हणाल्या. "मान दुखायची. आतून खाज सुटायची, उवा झाल्या होत्या. रातचं झोप न्हाय यायची. आबांनी कापली आन् मला असं हलकं वाटलं गं. म्या खळ्यावर पळत सुटले. नाचले. लई बरं वाटलं होतं मला."

मी मांजराच्या अंगावर बसलेली माशी हाकलली.

"हे म्या कुणाला सांगितलं न्हाय कधी. लोक म्हणले, बापानं कापली म्हणून तिचा नवरा गेला. आबा ते घेऊन मेले. पर बापाची काय चूक? मी नाचले न्हवं? रडले असते तर देवीनं माफ केलं असतं. मला बरं वाटलं. त्याच्यापायी नेलं तिनं त्याला."

"आक्का, असं नसतं हो," मी म्हणाले. एवढंच म्हणता आलं.

मांजरानं झोपेत पाय ताणले, कूस बदलली आणि घुरघुरायला लागली. आक्कांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"तिला पण बरं वाटाय लागलंय गं," त्या म्हणाल्या, आणि देवी ऐकंल म्हणून आवाज खाली घेतला.